शेअरांचे भाव आणि परमुलखी पैसा

राधानगरी हें गांव इतिहासाच्या मोजमापानें अर्वाचीनच म्हटलें पाहिजे. करवीरचे छत्रपति शाहू महाराज यांनीं आपल्या कन्या राधाबाई अक्कासाहेब महाराज यांच्या नांवानें १९०८ सालीं तें वसविलें, आणि लगोलग जवळच फेजिवडें येथें भोगावतीवर धरणाचें काम हातीं घेतलें. परंतु ज्या वाटेवर हें गांव आहे ती वाट फार जुनी आहे. कोल्हापुराहून निघून, दाजीपुरचें रान ओलांडून, फोंडाघाट उतरून ती कोंकणांतील बंदरांकडे जाते. घाटावरचा गूळ, तंबाखू व कापूस या वाटेनें खालीं जावा, आणि मीठ, नारळ व सुकी मासळी वर यावी, असा येथील व्यापाराचा जुना क्रम. म्हणून या टापूंतील व्यापारी घराण्यांच्या दप्तरांचा शोध घ्यावा, या हेतूनें आम्ही राधानगरीस कांहीं दिवस राहिलों होतों.

एका घरीं दोन रुमाल पहावयास मिळाले. त्यांत बहुतेक गुळाच्या आडतीचे हिशेब व हुंड्यांच्या नकला होत्या. आणि तळाशीं एका बुडालेल्या गिरणीचे चारपांच शेअर घडी करून ठेवलेले होते. यजमानांनीं ते रद्दी म्हणून बाजूस सारले. त्यांचे चिरंजीव मात्र ते कुतूहलानें चाळूं लागले. कारण ते स्वतः दरमहा आपल्या मोबाईलवरून म्युच्युअल फंडांत ठराविक रक्कम भरतात. त्यांनीं आम्हांस विचारलें कीं, परदेशी लोक विकतात म्हणून शेअरांचे भाव पडतात व ते घेतात म्हणून चढतात, असें रोज वाचावयास मिळतें, तें खरें काय? प्रश्न त्यांच्या पुढील महिन्याच्या हप्त्याचा होता. आम्ही बाजाराचे जाणते नव्हे, तेव्हां त्यांस तेथल्या तेथें उत्तर देतां आलें नाहीं. परंतु हाच प्रश्न मुंबईंत दीडशें वर्षांपूर्वीं एकदां फार मोठ्या किंमतीस विचारला गेला आहे, आणि त्याचें उत्तर जुन्या कागदांतून कांहीं अंशीं काढतां येतें, असें आम्हांस वाटल्यावरून हें टिपण लिहीत आहों.

अमेरिकेंत १८६१ च्या एप्रिलांत यादवी युद्ध सुरू झालें आणि उत्तरेकडील सरकारनें दक्षिणेची बंदरें रोखलीं. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकीं सुमारें चार पंचमांश कापूस तोंपर्यंत त्या बंदरांतून येत असे. तो बंद पडतांच लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. युद्धापूर्वीं ज्या सुरती कापसास पौंडामागें चारपांच पेन्स येत, त्यालाच १८६४ सालीं वीस पेन्सांच्या वर भाव आला. लिव्हरपूलच्या भावपत्रकांत या काळीं आपल्या गांवांचीं नांवें झळकूं लागलीं, हें शोधकांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. ‘उमरा’ म्हणजे उमरावतीचा कापूस, ‘हिंगणघाट’ तर सरळच ओळखूं येतो, आणि ‘धारवाड’ या नांवाखालीं दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटक यांतील माल मोडे. रेल्वे तेव्हां बोरघाट नुकतीच चढली होती (१८६३). थळघाट १८६५ त खुला झाला. तोंवर बराचसा माल बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून घाट उतरून गलबतांत पडत असे.

या कापसाचा मोबदला मुंबईंत चांदीच्या रूपानें आला. पूर्वीं कापसाचा जो वाजवी भाव समजला जाई, त्याहून अधिक म्हणून जें धन या चारपांच वर्षांत मुंबईस मिळालें, त्याचा अंदाज त्या काळच्या लेखकांनीं सुमारें आठ कोटी पौंड इतका केलेला आहे. यांतलें शेतकऱ्याच्या पदरीं किती पडलें हा निराळा व मोठा विषय आहे. त्यांत येथें शिरत नाहीं. एवढ्या चांदीस मुंबईंत वाट हवी होती, आणि ती वाट कंपन्यांनीं दिली. १८६५ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस शहरांत ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशनें, ८ जमीन-कंपन्या, १६ कापूस दाबण्याच्या कंपन्या, १० जहाज-कंपन्या व २० विमा-कंपन्या मोजलेल्या आहेत. दहा वर्षांपूर्वीं फायनान्शियल असोसिएशन हा शब्दहि मुंबईस ठाऊक नव्हता.

आतां हे शेअर घेत होते कोण? टाउनहॉलासमोर वडाखालीं जमणारे दलाल हे त्या बाजाराचें केंद्र. गुजराथी, पारशी, भाटे, मारवाडी, मराठी, तसेच युरोपियन व्यापारी, सरकारी नोकर व लष्करी अधिकारी असे सर्वच त्यांत पडले होते. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर देशी व विदेशी असे दोन्ही गिऱ्हाईक तेथें होते. पण येथेंच पहिली अडचण उभी राहते. मुंबईंत वीस वर्षें पेढी चालविणारा, मुंबईच्या बँकेंतून कर्ज काढून मुंबईच्या कंपनीचा शेअर घेणारा इंग्रज व्यापारी हा विदेशी समजावा कीं देशी? उलट, सुरतेहून आलेले प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) हे जन्मानें पूर्ण देशी. परंतु ते रिची स्टुअर्ट या इंग्रज पेढीचे दलाल होते व लिव्हरपूलच्या बातम्यांवर त्यांचे व्यवहार चालत. माणसाची जात व मुलूख कागदावर लिहिलेला असतो, पैशाचा नसतो.

पैशाचा मुलूख पाहूं गेल्यास चित्र बदलतें. बाहेरून चांदी आली ती कापसासाठीं. शेअरांसाठीं आली नाहीं. शेअरांना जो चढ लागला तो मुख्यत्वें मुंबईनेंच मुंबईस दिलेल्या कर्जानें लागला. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० त स्थापन झालेली, सरकारचें भागभांडवल असलेली बँक. १८६३ च्या नव्या कायद्यानें तिच्यावरील पूर्वींचे निर्बंध सैल झाले व शेअरांच्या तारणावर पैसे देण्याची तिला मोकळीक मिळाली. मग शेअर तारण ठेवून कर्ज काढावें, त्या कर्जानें दुसरे शेअर घ्यावे, तेहि तारण ठेवावे, असा रहाटगाडग्याचा क्रम सुरू झाला. फायनान्शियल असोसिएशनें एकमेकांचे शेअर तारण घेऊं लागलीं. भाव चढला कीं तारणाची किंमत वाढे, तारणाची किंमत वाढली कीं कर्ज अधिक मिळे, आणि कर्ज अधिक मिळालें कीं भाव पुन्हां चढे. या रहाटास विदेशी हात लावण्याची गरजच नव्हती.

बॅकबे रिक्लमेशन कंपनीचें उदाहरण प्रसिद्ध आहे. समुद्र हटवून जमीन करावयाची, एवढीच कल्पना. पण पांच हजार रुपये भरणा झालेला तिचा शेअर पन्नास हजारांच्या वर गेला. मुंबई सरकारनें यांतील कांहीं शेअर स्वतः घेण्याचें ठरविलें होतें, तें हिंदुस्थान सरकारनें नामंजूर केलें. तेव्हां ते शेअर लिलावांत काढले गेले आणि त्यांचे एक कोटी रुपयांहून अधिक आले. सरकारनें नको म्हटलेल्या वस्तूस लोकांनीं कित्येक पट भाव द्यावा, याहून त्या काळची नाडी दाखविणारी गोष्ट दुसरी सांपडणार नाहीं. दिनशा वाच्छा यांनीं हा सर्व काळ विशीच्या उंबरठ्यावर असतांना डोळ्यांनीं पाहिला व १९१० सालीं त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. तें जिज्ञासूंनीं अवश्य पहावें. मात्र वाच्छांचा कल व्यक्तींच्या दोषांकडे अधिक आहे, व तारणाच्या रहाटाकडे त्या मानानें कमी, असें आमचें नम्र मत आहे.

१८६५ च्या एप्रिलाच्या ९ तारखेस जनरल ली शरण गेला. इराणी आखातांतून येणारी तार त्याच वर्षीं सुरू झाली होती. पूर्वीं डाकेस जेथें महिना लागे तेथें आतां बातमी थोडक्या दिवसांत येऊं लागली. कापसाचा भाव कोसळला. मे महिन्यांत एका बड्या पारशी पेढीचें दिवाळें वाजलें. आणि जुलैची पहिली तारीख उजाडली. या एका दिवसाच्या वायद्यानें असंख्य शेअर पूर्वींच विकले व घेतले गेलेले होते. घेणाराजवळ पैसे नाहींत व विकणाराजवळ शेअर नाहींत, अशी त्या दिवशींची अवस्था. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर एके काळीं २८५० रुपयांवर होता, तो ८७ रुपयांवर आला; बॅकबेचा दोन हजारांखालीं गेला. बँक पुढें १८६८ त गुंडाळावी लागली, सर चार्लस जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीमंडळ बसलें, व त्याच नांवाची नवी बँक निघाली.

आतां मूळ प्रश्न. विदेशी लोकांनीं शेअर विकले म्हणून भाव पडले काय? आमच्या मतें, १८६५ सालीं विदेशी माणसानें एकहि शेअर विकला नसता तरी भाव पडलेच असते. लिव्हरपूलनें शेअर विकले नाहींत. त्यानें कापूस चढ्या भावानें घेणें थांबविलें, एवढेंच. त्यामुळें चांदीचा ओघ आटला, तारण पुरेनासें झालें, आणि ज्यानें कर्ज काढून शेअर घेतले होते त्याला मिळेल त्या किंमतीस विकणें भाग पडलें. येथें एक साधी गोष्ट नेहमीं विसरली जाते. प्रत्येक विक्रीस एक खरेदी असतेच. दहा लोकांनीं शेअर विकले असें म्हणतांच दहा लोकांचे शेअर कोणीतरी घेतलेच. तेव्हां अमुक वर्गानें विकलें म्हणून भाव पडला, हें वाक्य अर्धेंच आहे. उरलेलें अर्धें वाक्य असें कीं, समोरचा कोणत्या भावास घ्यावयास तयार झाला, आणि दोघांपैकीं घाई कोणास होती. १८६५ त समोर घेणारा स्वतःच्या पैशानें उभा असा जवळजवळ कोणी उरला नव्हता. सर्वच कर्जानें उभे होते.

या पडझडींत कोण कोण सांपडलें याची यादी मोठी आहे. त्यांतलें एक नांव मात्र या त्रैमासिकाच्या वाचकांसमोर ठेविलेंच पाहिजे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं शिलालेख वाचले, नाणीं जमविलीं, हस्तलिखितें मिळविण्यास माणसें दूरदूर पाठविलीं आणि कालिदासाच्या कालाविषयीं निबंध लिहिला. वैद्यकीचें त्यांचें उत्पन्न मोठें होतें व तें या छंदास लागत असे. शेअरांच्या लाटेंत त्यांस जी ठोकर बसली तींतून ते पूर्णपणें सांवरले नाहींत, व १८७४ त निवर्तले. लिव्हरपूलच्या कापसाच्या भावाचा आमच्या प्राच्यविद्येशीं काय संबंध, असें कोणी विचारल्यास हें उदाहरण पुरेसें आहे.

राधानगरीच्या त्या तरुणाचा प्रश्न मात्र आजच्या बाजाराविषयीं होता. तेव्हां तिकडेहि वळलें पाहिजे. विदेशी संस्थांस हिंदी शेअरबाजारांत थेट खरेदी-विक्रीची मुभा १९९२ च्या सप्टेंबरांत मिळाली. पुढें त्यांची रोजची खरेदी-विक्री व देशी संस्थांची रोजची खरेदी-विक्री असे दोन आकडे शेजारीं शेजारीं छापण्याचा प्रघात पडला, आणि त्याबरोबर भाव चढला तर एकास श्रेय व पडला तर एकास दोष देण्याचा प्रघातहि पडला. एकाच दिवशीं घडलेल्या दोन गोष्टींपैकीं एक दुसरीचें कारण ठरविणें हें आम्हीं बखरींच्या बाबतींत मान्य करीत नाहीं. तें येथें कां करावें? विदेशी विकतो म्हणून भाव पडतो, कीं भाव पडूं लागला म्हणून विदेशी विकतो, कीं दोहोंचें कारण अमेरिकेंतील व्याजाच्या दरासारखें तिसरेंच असतें, हें त्या आकड्यांवरून कळत नाहीं.

तीन प्रसंग पाहूं. २००७ च्या ऑक्टोबरांत ‘पार्टिसिपेटरी नोट’ नांवाच्या कागदांवर बंधनें घालण्याचा मनोदय सेबीनें जाहीर केला. हे कागद म्हणजे नांव एका संस्थेचें व पैसा भलत्याचाच, अशी सोय. त्या सुमारास विदेशी संस्थांच्या एकंदर शेअरांपैकीं निम्म्याच्या आसपास शेअर असल्या कागदांपोटीं होते. दुसरे दिवशीं, १७ तारखेस, बाजार उघडतांच निर्देशांक सतराशें अंशांहून अधिक खालीं आला व तासभर व्यवहार बंद ठेवावे लागले. संध्याकाळीं तोटा उरला सुमारें ३३६ अंशांचा. म्हणजे सकाळची पडझड विकलेल्या शेअरांची नव्हती, विकले जातील या भीतीची होती.

दुसरा प्रसंग २००८ च्या ऑक्टोबराचा. त्या महिन्यांत विदेशी संस्थांनीं सुमारें पंधरा हजार कोटी रुपयांचे शेअर जास्त विकले. बाजारांतील सर्व शेअरांचें मोल महिन्याच्या आरंभीं चाळीस लाख कोटींच्या आसपास होतें. म्हणजे शंभर रुपयांच्या मालापैकीं सदतीस-अडतीस पैशांचा माल त्यांनीं विकला. निर्देशांक मात्र जवळजवळ चोवीस टक्क्यांनीं उतरला. तिसरा प्रसंग २०२४ च्या ऑक्टोबराचा. तेव्हां विदेशी संस्थांनीं एका महिन्यांत सुमारें ९४ हजार कोटींचे शेअर विकले. रुपयांनीं मोजतां एवढी विक्री पूर्वीं कधीं झाली नव्हती. परंतु बाजाराचें मोलहि चारशें सत्तर लाख कोटींच्या वर गेलेलें होतें. शंभर रुपयांस वीस पैसे हा त्याचा हिशेब. निर्देशांक सुमारें सहा टक्के उतरला. प्रमाण निम्मे, पण उतार चौथाई. हा फरक समोरच्या बाजूनें पडला. त्याच महिन्यांत देशी संस्थांनीं एक लाख कोटींहून अधिक रुपयांचे शेअर घेतले. आणि त्यांच्यामागें लहान माणसांच्या मासिक हप्त्यांचे, एकट्या त्या महिन्याचे, पंचवीस हजार कोटींच्या वर रुपये होते. राधानगरीच्या त्या तरुणाचा हप्ताहि त्यांतलाच. पुढें २०२५ च्या मार्चअखेर देशी संस्थांचा हिस्सा विदेशी संस्थांच्या हिश्श्याहून प्रथमच किंचित् वर गेला.

दोन महिन्यांच्या तुलनेवरून सिद्धांत काढूं नये, हें आम्ही जाणतों. २००८ सालीं सर्व जगाचाच पतपुरवठा आटला होता. तरी १८६५ शी जें साम्य व जो भेद आहे तो नजरेआड करण्याजोगा नाहीं. १८६५ त समोर उभा राहणारा देशी खरेदीदार त्याच शेअरांच्या तारणावर उसनवारी करून उभा होता. २०२४ चा मुख्यत्वें पगारांतून उरलेल्या पैशानें. पहिल्यास भाव पडतांच विकावें लागे, दुसऱ्यास तसें कोणी भाग पाडीत नाहीं. त्या तरुणास आम्हीं मागाहून पत्र लिहून कळविलें तें एवढेंच: विकणाराचा मुलूख विचारण्यापूर्वीं घेणाराचा पैसा उसना कीं स्वतःचा हें विचारावें, आणि उसना पैसा देशी माणसाचा असला तरी तो देशी राहत नाहीं, मागणी येतांच जातो. आतां हे हप्ते भरणारेच उद्यां घाबरून एकदम परत मागूं लागले तर काय होईल, असें त्यांनीं उलट विचारलें. तो प्रसंग अजून इतिहासांत आलेला नाहीं.

राहतां राहिले ते रुमालाच्या तळचे कागद. संग्राहक बहुधा शेअरच्या दर्शनी बाजूची नक्षी, कंपनीची मोहोर व चित्र पाहून तो जपतात किंवा टाकतात. आमची विनंती अशी कीं, तो उलटून पहावा. मागील बाजूस हस्तांतराच्या नोंदी असतात: कोणापासून कोणाकडे, कोणत्या तारखेस. कित्येकदां त्यासोबत विकणाराची सही असलेलें पण घेणाराचें नांव न लिहिलेलें कोरें हस्तांतरपत्र टांचलेलें सांपडतें. त्याचा अर्थ हा शेअर कंपनीच्या वहींत नांव न बदलतां हातोहात फिरला किंवा तारण म्हणून पडला. असलें पत्र म्हणजे त्या काळची पार्टिसिपेटरी नोटच. अशा तारखा जर त्याच घरच्या रोजमेळाशीं ताडून पाहिल्या, तर शेअर घेण्याच्या दिवशीं पेढींत रोकड होती कीं त्याच दिवशीं कोणाचें नांवें रक्कम पडली, हें तेथेंच दिसतें. छापील इतिहासांत मोठ्या दलालांचीं नांवें पुष्कळ आहेत. लहान घेणाराचा पैसा कोठून आला हें केवळ अशा दोन कागदांच्या जोडीवरूनच कळेल.

राधानगरीच्या त्या घरच्या शेअरांपैकीं दोहोंच्या मागें अशा नोंदी आहेत, व एकास कोरें हस्तांतरपत्र टांचलेलें आहे. रोजमेळाचीं पानें ओल लागून चिकटलेलीं आहेत. यजमानांच्या परवानगीनें तीं सोडविण्याचें काम चालू आहे.